कच्ची वही

६ जानेवारी

ताई,

मायन्यापाशीच अडले. तीन वर्षं न बोललेल्या बहिणीला 'सप्रेम' लिहावं की नाही, हे आमच्या कॉलेजात शिकवत नाहीत. म्हणून नुसतं ताई. पूर्ण वाचून होईपर्यंत फाडू नकोस, एवढंच मागणं आहे.

तुझा पत्ता तुझ्या नर्स मैत्रिणीकडून मिळाला. आधी तिने कानांवर हात ठेवले. मग मी दवाखान्याच्या बाकावर दोन तास ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे एका चिठोऱ्यावर लिहून दिला. तिच्यावर रागावू नकोस, माझा चिवटपणा तुला माहीत आहे.

आई बरी आहे. बाबाही बरे आहेत, म्हणजे विचारलं की बरा आहे म्हणतात. चांगलं मशीन गेल्यापासून ते नवीन कपडे शिवत नाहीत. जुन्या पायमशीनवर लोकांच्या पँटी आखूड करून देतात, चेन बदलून देतात. तुझं नाव घरात निघत नाही. आई कधी कधी चुकून चार ताटं घेते आणि एक परत ठेवते.

मी हिशेबाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हसू नकोस. जिला तू खोडरबर म्हणायचीस, जी पाढे लिहिताना खोडून खोडून वहीला भोक पाडायची, ती आता दिवसभर नावे आणि जमा करते. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "या वर्गात खोडरबर आणायचं नाही. चुकलात तर एक आडवी रेघ मारा, वर बरोबर आकडा लिहा आणि शेजारी सही करा. चूक दिसली पाहिजे." मी माझं खोडरबर मागच्या बाकावरच्या मुलीला देऊन टाकलं.

शेवटच्या सहामाहीत दहा आठवडे कुठल्यातरी ऑफिसात काम शिकायचं असतं. तिथली सही मिळाल्याशिवाय पदवी मिळत नाही. मला एका लेखापरीक्षक बाईंचं ऑफिस मिळालं आहे. दुसऱ्यांच्या वह्या तपासून त्या खऱ्या आहेत की नाहीत हे सांगायचं, हे त्यांचं काम. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. मला म्हणाल्या, "दहा आठवडे नीट काढलेस तर जूनपासून सहायक म्हणून ठेवून घेईन." ताई, घरात महिन्याला पगार येईल. बाबांना पुन्हा मशीन घेता येईल.

आज पहिला दिवस होता. एका छापील कागदावर सही करायची होती. ज्यांच्या वह्या मी तपासणार, त्यांच्याशी माझा किंवा माझ्या घरच्यांचा कधीही कसलाही संबंध आलेला नाही, असं त्यावर लिहिलं होतं. खाली गिऱ्हाइकांची यादी होती. चौथ्या नंबरला तू नोकरीला होतीस तो छापखाना होता.

मी सही केली.

जुनं काही काढायचं नाही असं ठरवून पत्र लिहायला बसले होते. हे काढलं नाही, नुसतं सांगितलं.

तुझी खोडरबर


२० जानेवारी

ताई,

उत्तर नाही. अपेक्षा नव्हतीच. (असं कुणी लिहिलं की अपेक्षा होती असं समजावं.)

गेला आठवडाभर मी छापखान्यात बसते आहे. तुझ्या काचेच्या केबिनमध्ये आता एक गृहस्थ असतात. ते शिक्क्याचं पॅड उघडं ठेवतात आणि मग वाळलं म्हणून ओरडतात. टेबलाच्या कडेवर किल्ल्यांचे ओरखडे अजून आहेत. तू विचार करताना किल्ल्या आपटायचीस ना, त्याचे. मी त्यांवरून बोट फिरवलं आणि लगेच हात मागे घेतला, कुणी पाहिलं तर काय घ्या.

मालकांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसे, तू सोडून आपल्या घरातून त्यांनी फक्त बाबांना पाहिलं, तेही खाली मान घातलेलं. चहाच्या वेळी त्यांनी आपणहून गोष्ट सांगितली. मी जशीच्या तशी लिहिते.

"शिकताय ना, मग ऐका. आमच्याकडे एक रोखपाल मुलगी होती. दिसायला गरीब गाय. वर्षअखेरीला पेटी मोजली, तर वहीपेक्षा पंचेचाळीस हजार कमी! विचारलं तर म्हणते, मला माहीत नाही. बाप शिंपी बिचारा, मशीन विकून भरले त्याने. मी पोलिसांत दिलं नाही, हे उपकारच म्हणायचे."

त्यावर मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "हो का?"

सगळा चहा प्यायले, कप विसळून ठेवला, आणि पुन्हा वह्यांवर बसले. मला माझी लाज वाटते आहे.

आता कामाचं. छापखान्याला ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांना पत्रं पाठवायचं काम माझ्याकडे आहे. 'आमच्या वहीप्रमाणे आम्ही तुम्हांला इतके देणे लागतो, बरोबर आहे का ते कळवावे.' यादी करता करता मी कागदवाल्यापर्यंत आले. त्याच्या नावापुढे जुनी बाकी आहे. तीन वर्षं तशीच पडून आहे. छापखान्याने दिली नाही आणि त्यानेही कधी मागितली नाही.

बाकी पंचेचाळीस हजारांची आहे.

आपले एवढे पैसे तीन वर्षं कोण विसरतं, ताई? पेटीतून जेवढे गेले तेवढेच हे इथे जास्तीचे उभे आहेत. त्याला पत्र पाठवलं आहे. उत्तर येईपर्यंत मला धीर नाही.

खोडरबर


४ फेब्रुवारी

ताई,

कागदवाल्याचं उत्तर आलं. एका ओळीचं आहे. 'आमचे आपणाकडे काहीही येणे नाही.'

मॅडमना दाखवलं. त्यांच्यासमोर अकरा फायली होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जुनी, कुणी न मागितलेली बाकी आहे. असं पुष्कळ ठिकाणी असतं. दहा मार्चला आपण वह्या बंद करू, तेव्हा ही रक्कम नफ्यात वळवायची. नोंद तूच लिही, शिकशील." म्हणजे ज्या पैशांसाठी बाबांचं मशीन गेलं, ते मालकांच्या नफ्यात जाणार, आणि तेही माझ्या अक्षरात.

आम्हांला एक युक्ती शिकवली आहे. हिशेबातल्या फरकाला नवाने भाग गेला, तर आधी उलटे पडलेले आकडे शोधायचे. पंचेचाळीस हजारांना जातो. मी त्या वर्षीच्या पावत्यांची फाइल मागून घेतली आणि दुपारभर धूळ खात बसले. कागदवाल्याची पावती सापडली. ती महिनाभर उशिरा आली होती आणि कुणीही न बघता फाइलला लावून टाकली होती. त्या पावतीवर रोख मिळाले त्र्याऐंशी हजार. छापखान्याच्या पक्क्या वहीत त्याच तारखेला, त्याच माणसाला दिले अडतीस हजार.

तू पेटीतून त्र्याऐंशी दिलेस आणि वहीत अडतीसच लागले. मग पेटी वहीपेक्षा पंचेचाळीसने कमी भरणारच होती. कुणीही काहीही घेतलं नव्हतं!

आणि पक्क्या वहीतलं ते अक्षर माझं आहे.

तुला आठवतच असेल. तुझा मनगटापासून हात प्लास्टरमध्ये होता आणि वर्षअखेर तोंडावर आली होती. हात मोडायच्या आधी रोजच्या रोज घाईत खरडलेली कच्ची वही आणि कोरी पक्की वही, दोन्ही तू पिशवीत घालून घरी आणल्यास. मला दाराला कडी घालायला लावलीस. "वही ऑफिसबाहेर नेलेली कळली तर नोकरी जाईल. कुणालाही सांगायचं नाही, बाबांनासुद्धा नाही," म्हणालीस. तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून कच्च्या वहीतून वाचायचीस आणि मी पक्क्या वहीत उतरवायची. अक्षर वेगळं का, असं मालकांनी विचारलं तर दुखऱ्या हाताने लिहिलं म्हणून सांगायचं ठरलं होतं.

मी शाळेत आकडे आपल्या भाषेत कधी म्हटलेच नव्हते. त्र्याऐंशी म्हटलं की तीन आधी कानावर पडतात आणि आठ मागून येतात. तू दहादा सांगितलंस, "आकडा पूर्ण ऐकून होईपर्यंत पेन टेकवू नकोस." मी टेकवलं. तीन ऐकले, तीन लिहिले. मग आठ.

हे मला आज कळलं, ताई. आज दुपारीच.

कच्ची वही असती तर शेजारी ठेवून दाखवता आली असती. त्या गडबडीत ती रद्दीत गेली असावी.

मी मॅडमना सगळं सांगणार आहे. पण जरा विचार कर. मी त्या कागदावर सही केली आहे. आज तोंड उघडलं तर पहिली मी बाहेर. प्रशिक्षण चौदा मार्चला संपतं, फक्त साडेपाच आठवडे राहिलेत. चौदाला सही हातात आली की त्याच मिनिटाला सांगते. तीन वर्षं थांबलीस, तिथे साडेपाच आठवडे काय.

हे शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं. पण शाईने लिहिलं आहे.

खोडरबर


१६ फेब्रुवारी

तू उत्तर का देत नाहीस?

तुझी चूक नव्हती, पुरावा सापडला, असं मी तुला कळवलं आणि तुझ्याकडून एक ओळ नाही. रागावली आहेस हे मला कळतं. पण मी तेव्हा सतरा वर्षांची होते! बाबांनी मला समोर उभं करून विचारलं, "ही म्हणते वही घरी आणली होती, तूच लिहून दिलीस. खरं आहे?" तू बाबांच्या मागे उभी होतीस. कुणालाही सांगायचं नाही, हे तूच बजावलं होतंस. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. मी "नाही" म्हणाले. मला वाटलं, मी तुलाच वाचवते आहे. तू तोपर्यंत सगळं सांगून बसली आहेस, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

बाबांनी तुझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "धाकट्या बहिणीलाही यात ओढतेस?"

तुझा तो चेहरा मला आठवत नाही, असं मी मैत्रिणींना सांगते.

काल बाबांना कळलं, मी छापखान्यात जाते ते. पँट आखूड करून न्यायला आलेल्या कुणीतरी सांगितलं. मला वाटलं, आता फटका बसणार. बाबा दोऱ्याचं टोक दातांनी तोडत म्हणाले, "तिथे मान खाली घालून काम कर. आपल्या घरातून एकदा झालं ते पुष्कळ झालं." मी जेवायला बसले होते. त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी आमटी वाढायला सांगितली.

कॉलेजात सर्वांत जास्त मार्क मला पडतात, तुला माहीत आहे? ताळेबंद कधी चुकत नाही. सर वर्गाला माझी वही दाखवतात. त्या वेळी मला उठून बाहेर जावंसं वाटतं.

दहा मार्चला नफ्याची नोंद, चौदाला माझी सही. मधे चार दिवस. आधी वाटलं, दहाला गुपचूप नोंद लिहावी आणि चौदानंतर सांगावं. पण वह्या एकदा बंद झाल्या, मॅडमची सही झाली, की तीन वर्षांपूर्वीचं पान पुन्हा उघडायला कुणी तयार होणार नाही. आणि उघडलं तरी मला विचारतील, तूच तर नोंद लिहिलीस. मी रोज हे चार दिवस पुढेमागे सरकवून बघते. काही केल्या बसत नाहीत.

तू नुसतं 'सांग' म्हण किंवा 'सांगू नकोस' म्हण. मी तसं करीन. एक शब्द लिही.


२७ फेब्रुवारी

तुझं कार्ड आलं.

आईने दाराखालून उचललं, अक्षर पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. ती आता पलीकडच्या खोलीत आहे. तीच ती उशी चौथ्यांदा झटकते आहे.

ना मायना, ना सही. एकच ओळ. 'कच्ची वही कुठे आहे?'

ताई, तू मला ओळखतेस हे मी विसरले होते.

हाच प्रश्न तू जायच्या आदल्या सकाळी मोरीपाशी विचारला होतास. मी दात घासत होते. तू अगदी हळू म्हणालीस, "पक्की वही मालकांनी कुलपात घातली आहे. मला कच्ची हवी. कुठेतरी काहीतरी उतरवायचं चुकलं आहे, ती मिळाली की मी शोधून काढीन. कुठे आहे?" मी तोंडातला फेस थुंकून म्हणाले, "मला काय माहीत."

ती रद्दीत गेली नव्हती. बाबांना "नाही" म्हटल्याबरोबर मी ती लपवली होती. वही घरात सापडली असती तर माझं "नाही" खोटं पडलं असतं. बाबांच्या चांगल्या मशीनच्या टेबलाला खालून खण होता ना, त्यात चिंध्यांच्या पिशवीमागे. तू अख्खं घर शोधलंस. माझं दप्तर शोधलंस. बाबांच्या मशीनला हात लावायचं तुझ्या मनात आलं नाही.

तू गेल्यावर बावीस दिवसांनी मशीन न्यायला माणसं आली. बाबा पैसे मोजून घेत होते. मी धावत जाऊन खणातून वही काढली आणि फ्रॉकखाली धरली. ते मशीन जिन्यावरून उतरवत होते, बाबा वरून "सावकाश, सावकाश" म्हणत होते, आणि मी न्हाणीघरात जाऊन पहिल्यांदा ती वही उघडली. का उघडली कुणास ठाऊक. पान आपोआप त्याच तारखेला उघडलं असं काही झालं नाही. मी शोधलं. माझ्या मनात तेव्हापासूनच कुठेतरी होतं. तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, कागदवाला, रोख, ८३,०००. आणि मी पक्क्या वहीत काय लिहिलं ते मला आठवत होतं, कारण तेव्हाही हात क्षणभर अडखळला होता.

मशीन अजून जिन्यातच होतं. मी बाहेर येऊन "थांबा" म्हटलं असतं तर माणसं थांबली असती.

मी न्हाणीघरात नळ सोडून बसून राहिले.

तर ताई, चार फेब्रुवारीला मला काहीही कळलं नाही. ती पावती शोधायला बसले तेव्हा तिच्यावर काय असणार हे मला माहीत होतं. मी तुला शोध लागल्याचं नाटक लिहून पाठवलं. मला तीन वर्षं माहीत आहे. हिशेबाचा कोर्स मी का घेतला, असं सगळे विचारतात. मी म्हणते, नोकरी पटकन लागते. खरं असं की मला वाटायचं, हे शास्त्र नीट शिकले तर कुठेतरी असा एखादा नियम सापडेल की ज्याने ही चूक कुणालाही न सांगता दुरुस्त होईल. सहाही सहामाह्या मी तो शोधला. असा नियम नाही.

वही माझ्याकडे आहे. माझ्या पुस्तकांच्या मागे आहे.

तू 'सांग' असंही लिहिलं नाहीस आणि 'सांगू नकोस' असंही नाही. आता मी तुला विचारणार नाही.


१२ मार्च

ताई,

नऊ तारखेला सकाळी मी कच्ची वही घेऊन ऑफिसात गेले. नोंद लिहायला एक दिवस उरला होता. मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिले. बोलायचं ठरवून गेले होते ते सगळं विसरले आणि भलतंच बोलले. म्हणाले, "मॅडम, मी कागदावर खोटी सही केली आहे. ती रोखपाल माझी ताई आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सगळं सांगितलं. प्लास्टर, स्वयंपाकघर, त्र्याऐंशी, खण, जिना. त्यांनी कच्ची वही, पक्की वही आणि पावती शेजारी शेजारी मांडली आणि तिन्हींवरून बोट फिरवलं.

"कधीपासून माहीत आहे?"

"तीन वर्षं."

"आकडा उलटा लिहिला तो सतरा वर्षांच्या मुलीने," मॅडम म्हणाल्या. "तेवढं मी समजू शकते. त्या कागदावर सही केली ती वीस वर्षांच्या बाईने."

माझं प्रशिक्षण रद्द झालं. कॉलेजला त्यांनी त्याच दिवशी कळवलं. सरांनी मला बोलावून घेतलं, पण रागावले नाहीत, त्यापेक्षा रागावले असते तर बरं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी ठेवून घेतलं तर पुन्हा दहा आठवडे, नाहीतर पदवी नाही. जूनची नोकरी अर्थातच गेली. आता बाजारात कुठल्याही ऑफिसात अर्ज केला तरी आधी मॅडमना विचारतील. त्या खरं तेच सांगतील.

मग मालकांना बोलावलं. पावती पाहिल्यावर ते आधी पांढरे पडले, मग उसळले. "म्हणजे वही घरी नेली होती! नियम मोडलाच ना तिने?"

मॅडम म्हणाल्या, "नियम मोडला म्हणून कामावरून काढा, तो तुमचा हक्क आहे. चोर म्हणालात, ते कशाबद्दल?"

मालकांनी पावती पुन्हा एकदा उलटसुलट करून पाहिली. नंतर मला म्हणाले, "तू त्या दिवशी चहा पिताना 'हो का' म्हणालीस." मी हो म्हटलं. त्यांनी पत्र लिहून द्यायला दोन दिवस लावले, तीनदा मजकूर बदलला, पण दिलं. तू काहीही घेतलं नव्हतंस, असं त्यांच्या सहीशिक्क्यानिशी आहे. बाबांचे पंचेचाळीस हजारही परत येत आहेत.

दहा तारखेची नोंद लिहायला मॅडमनी मलाच बसवलं. या ऑफिसातलं माझं शेवटचं काम. प्रत्येक नोंदीखाली ती का केली याचं एक वाक्य लिहावं लागतं. मी लिहिलं ते असं:

'रोखपालाने कागदवाल्यास रोख ८३,००० दिले ते बरोबर. पक्क्या वहीत ३८,००० लागले, ती रोखपालाच्या धाकट्या बहिणीची चूक. ती दुरुस्त करून, फरकाचे ४५,००० रोखपालाच्या वडिलांना परत देणे.'

"धाकटी बहीण वगैरे लिहायची पद्धत नाही," मॅडम म्हणाल्या. दोनदा वाचलं. मग काही न खोडता खाली सही केली.

बाबांना मीच सांगितलं. ते कुणाच्या तरी पँटीची शिलाई उसवत होते. मी बोलत राहिले आणि ते उसवत राहिले. खालची दोन बोटं उसवायची होती, त्यांनी गुडघ्यापर्यंत उसवली. माझं संपल्यावर हातातल्या कापडाकडे बघून म्हणाले, "मी तुला विचारलं. तिला नाही विचारलं." पुन्हा म्हणाले, "तिने सांगितलं होतं, आणि मी तुला विचारलं." माझ्यावर ओरडले असते तर मी सहन केलं असतं. आई दारात उभी राहून रडत होती.

त्यांनी ती पँट दुपारभर बसून पुन्हा शिवली. ज्याची होती त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. माझ्याशी ते अजून बोलत नाहीत. काल संध्याकाळी एवढंच म्हणाले, "पत्ता दे."

आज मी पोस्टात जाणार नाही. हे पत्र पोस्टाने येत नाही. बाबा आता सकाळच्या गाडीने निघणार आहेत आणि हे पाकीट त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात असेल. तुझ्या हातात देऊन ते दारातच उभे राहतील. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलेलं नाही, मी विचारलं तर म्हणाले, तिने वाचून होऊ दे. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा ते तुझ्यासमोरच आहेत. त्यांचे गुडघे आता दुखतात, पण तू बस म्हणाल्याशिवाय बसणार नाहीत. माझ्याबद्दल तुला काय करायचं ते कर, मी वाट बघेन. मी त्याच लायकीची आहे. त्यांना मात्र फार वेळ उभं ठेवू नकोस.

मालकांचं पत्र त्यांच्याकडे आहे. आणि तू विचारलं होतंस, मी दोनदा खोटं सांगितलं होतं. कच्ची वही बाबांच्या पिशवीत आहे.